भाकरीविना हिवाळा

लग्नाला काही वर्षं होऊनही मूल नव्हतं. माझी पाळी महिनोन्महिने येत नसे. हनुवटीवर राठ केस उगवले होते, मान काळवंडली होती. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी पाहून पीसीओएस हा अंडाशयाचा विकार असल्याचं सांगितलं. गोळ्यांबरोबर, त्यांच्या देखरेखीत, एक हिवाळा कीटो आहार करून बघू म्हणाल्या. म्हणजे भाकरी, भात, वरण, साखर बंद. तूप, पनीर, पालेभाजी, अंडी चालू.

आमचं गाव चांदूर बाजारजवळ, घर माळकरी, अंडं-मटण वर्ज्य. त्या नापिकीच्या वर्षांत कपाशी आणि सोयाबीनपलीकडे कोणी काही पेरत नव्हतं. सासूबाई मात्र घरच्या भाकरीपुरती ज्वारी हट्टानं पेरून घेत, रानडुकरांपासून राखत. तीच भाकर मी ताटातून बाजूला सारली.

"काहून? आमी का जहर खाऊन राहिलो?" त्या म्हणाल्या.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. आजवर ते फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. त्यांनी ज्वारी पाखडायचं सूप खाली ठेवलं.

"मले वाटे तुमालेच इतक्यात लेकरू नाई पाह्यजे," त्या म्हणाल्या. "आधी सांगतलं असतं तं मीच आली असती दवाखान्यात."

पहिल्या आठवड्यात डोकं जड झालं, पायांत गोळे आले. डॉक्टरीणबाईंनी फोनवर मीठ-पाणी प्यायला सांगितलं, तेव्हा कुठे उतार पडला. अंड्यांचा प्रश्न उरलाच. तोही सासूबाईंनीच सोडवला. शेजारी शिवणकाम करणाऱ्या खाला राहत. कुंपणाशी उभ्या राहून सासूबाई त्यांना म्हणाल्या, "माह्या सुनेले औषध म्हणून अंडे पाह्यजेत. माह्या चुलीवर नाई जमत."

"अपने घर की मुर्गियाँ हैं, बाई. पाठवा तिले रोज."

खालांकडे त्यांची माहेरी परतलेली लेक होती. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं सोडलेली. मी अंडी खात असताना ती ब्लाउजला हुक लावत बसे. माझ्यासारखीच तीही हनुवटी झाकून घ्यायची, ओढणीनं. एकदा मी माझ्या आजाराचं बोलले, तशी तिची सुई थांबली.

"पाळी नाई येत, त्याचं औषध असते?" तिनं विचारलं. तिला कधी कोणी दवाखान्यात नेलंच नव्हतं.

पुढच्या खेपेला मी तिला अमरावतीला सोबत नेलं. तिचाही आजार तोच निघाला. एसटीत परतताना ती खिडकीकडे तोंड करून रडली. मी तिचा हात धरून बसले.

थंडी सरता सरता माझी पाळी आली. सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी देवापुढे दिवा लावला. वजनही जरा उतरलं. केस मात्र तसेच राहिले. हा आहार जन्मभर करायचा नाही म्हणत डॉक्टरीणबाईंनी अर्ध्या भाकरीची मुभा दिली. खालांची लेक अजून गोळ्या घेते. दुसऱ्या लग्नाचं कोणी काढलं, तर "आधी तब्येत" म्हणते आणि मशीनवर बसते.