संत फ्लोरिदोंचा कल

मे महिना लागला तरी रोक्कास्पिनाचं धुकं उठायचं नाव घेत नव्हतं. नदीवरनं निघायचं आणि खालच्या पेठेत येऊन ठाण मांडायचं. वरच्या पेठेला मात्र ऊन. देवळाच्या घंटाघरावर ऊन, वकिलांच्या गच्च्यांवर ऊन, ओरेस्ते खाटकाच्या दारात टांगलेल्या सॉसेजांवरसुद्धा ऊन. खाली सेत्तिमियो मोच्याला दिवा लावल्याशिवाय दोरा ओवता येत नव्हता.

त्यानं कातडं भिजत घातलं, खळ गरम करत ठेवली, एक झिजलेला बूट फर्म्यावर चढवला आणि तोंडात खिळे धरून टाच ठोकायला बसला. तोंडात खिळे असले की त्याला बोलता येत नसे, म्हणून त्याची बायको दोमितिल्ला घरातलं सगळं महत्त्वाचं बोलणं सकाळीच उरकून घ्यायची.

"उद्या मोजणार हायत तुला," ती म्हणाली. "ओरेस्ते अख्ख्या चौकात सांगत सुटलाय. म्हणतो, सेत्तिमियो म्हातारपणानं आटलाय."

सेत्तिमियोनं हातोडी जरा जोरातच हाणली.

आटणं ही साधी गोष्ट नव्हती. सणाच्या दिवशी संत फ्लोरिदोंची पालखी आठ खांद्यांवरून निघते. डाव्या दांड्याला वरच्या पेठेचे चौघे, उजव्याला खालच्या पेठेचे चौघे. कारंज्यापाशी पालखी थांबते आणि संत ज्या पेठेकडं कलतील, तिकडं त्या वर्षी ऑलिव्ह लगडणार, असं सगळं गाव मानतं. फादर फाउस्तो मानत नाहीत, पण त्यांना कुणी विचारत नाही. उजव्या दांड्याचा पुढचा खांदा सेत्तिमियोच्या घराण्याचा. बाप, आजा, पणजा, सगळ्यांच्या माना तिथंच वाकल्या. मात्र देवळाच्या मागच्या खोलीत भिंतीवर एक रेघ कोरलेली आहे. खांदा त्या रेघेला लागला नाही की माणूस बाद. मग हातात मेणबत्ती धरून म्हाताऱ्या बायकांबरोबर मागनं चालायचं. त्या मेणबत्तीच्या विचारानं सेत्तिमियोला आठवडाभर जेवण गोड लागत नव्हतं.

आणि गेली तीन वर्षं संत खालच्या पेठेकडं असे काही कलत होते, की जणू कारंज्यावर धुणं धुणाऱ्या बायकांना कानात काही सांगताहेत.

वरच्या पेठेला हे सोसेना, आणि खापर फुटलं सेत्तिमियोच्या आटलेल्या खांद्यावर. दोन्ही पेठांचं तसंही पटत नाही. चारशे वर्षांपूर्वी वरच्यांनी पोपच्या फौजेला वेस उघडून दिली, मिठावर कर बसला आणि गावात अळणी पाव सुरू झाला, असं खालचे सांगतात आणि रोज पहिला घास मोडताना वरच्यांना एक शिवी हासडतात. पुढं कर गेला, पोपचं राज्य गेलं. पाव अळणीच राहिला, आणि शिवीही राहिली.

सेत्तिमियोनं तोंडातले खिळे काढले. "आटलोय थोडा. बोटभर असंल. पण बोटभरानं संत एवढं कलतील?"

"तेच म्हणते मी." दोमितिल्ला त्याच्याकडं टक लावून बघायला लागली. "ओरेस्तेला ती बुचाची पट्टी तूच दिलीस न्हवं?"

"हळू बोल! मेलेल्या आईची शपथ घातलीय त्यानं."

तीन वर्षांमागं ओरेस्ते मागच्या बोळातनं आला होता. टाच दुखते म्हणाला. टाच-बिच काही नव्हतं, तोही रेघेखाली चालला होता. सेत्तिमियोनं बुटात बसेल अशी बुचाची जाड पट्टी कापून दिली. मग डाव्या दांड्याचे उरलेले तिघेही त्याच बोळातनं एकेक करून आले. प्रत्येकाची टाच दुखत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच. चौघांनी चार शपथा घातल्या. स्वतःच्या बुटात मात्र सेत्तिमियोनं बूच घातलं नाही. गिऱ्हाइकानं काय करावं ते गिऱ्हाइकापाशी, पण पणज्याच्या जागेवर उभं राहून आपण लबाडी करायची, हे त्याला कसंसंच वाटायचं.

"आरं माझ्या देवा!" दोमितिल्लानं कपाळावर हात मारला आणि पोट धरून हसत सुटली. "वरच्या चौघांना तूच उंच केलंस की! संत तुझ्यापायी न्हाई, त्यांच्यापायी कलत्यात. आणि बाद कोण होणार? तू!"

हातोडी हवेतच राहिली. तीन वर्षांत त्याला हे सुचलं नव्हतं. एका वेळी एक बूट बघायची सवय, आठ जोडे एका रांगेत कधी बघितलेच नव्हते.

"मग आता तूबी एक पट्टी काप की सोताला."

तेवढ्यात ओल्या धुण्याची टोपली कमरेवर घेऊन शेजारची असुन्ता दारात उभी राहिली. पट्टीचं तिनं ऐकलं नव्हतं, पण मोजणीचं तिच्यापर्यंत आलं होतं.

"सेत्तिमियो, खबरदार उंच झालास तर! माझी झाडं आत्ता कुठं लगडायला लागलीत."

"आगं, न्हाई झालो तर बाद करतील मला."

"बाद बी होऊ नगंस आणि उंच बी होऊ नगंस. पेठेसाठी एवढं तरी कर," असं बजावून ती गेली.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ओरेस्ते सणाचे बूट घालून, छाती काढून भिंतीपाशी उभा.

"बूट काढ, सेत्तिमियो. खरं काय ते दिसू दे गावाला."

सेत्तिमियोनं बूट काढले आणि तो भिंतीला टेकला. खांदा रेघेच्या खाली राहिला. बोटभरच, पण खाली.

"बाद!" वरच्या पेठेनं एकच गिल्ला केला. मेणबत्तीचं मेण आत्ताच बोटांवर ठिबकल्यासारखं सेत्तिमियोला वाटलं.

"एकालाच मोजून कसं चालंल?" गर्दीतनं दोमितिल्लाचा आवाज आला. "आठांना मोजा. आणि बूट सगळ्यांचं काढा."

"रास्त आहे," फादर म्हणाले. "चला, ओरेस्ते."

ओरेस्तेचा चेहरा दुकानातल्या चरबीसारखा पांढरा पडला. बाकीचे तिघे आपापल्या पायांकडं बघायला लागले. एकाचा मोजा फाटला होता. एकाच्या पायाला सूज होती, बूट काढला तर परत चढणार नव्हता. तिसरा नुसताच खोकत होता. ओरेस्तेनं सेत्तिमियोकडं पाहिलं. एक शब्द पुरला असता, पण सेत्तिमियो छतावर रंगवलेल्या देवदूतांकडं बघत राहिला, जणू एखादा उडून जाईल.

"फादर!" ओरेस्तेला एकदम सुचलं. "आपण संतांना अनवाणी नेतो का? बूट घालूनच नेतो ना? मग मोजायचं तेही बूट घालूनच!"

"बरोबर! अगदी बरोबर!" तिघे एका सुरात म्हणाले.

सेत्तिमियोनं मुकाट्यानं बूट चढवले आणि परत टेकला. खांदा रेघेला अचूक लागला.

"लागला!" असुन्ता ओरडली, आणि आनंद करावा की नाही ते न कळून गप्प झाली.

मग ओरेस्ते टेकला. त्याचा खांदा रेघेच्या चांगला वर गेला. दुसऱ्याचा वर, तिसऱ्याचा वर, चौथ्याचा तर सगळ्यांत वर. फादरनी रेघेकडं पाहिलं, मग त्या चौघांकडं.

"नातवंडं झाल्यावर माणूस वाढतो, हे मी पहिल्यांदाच बघतोय."

"वरची हवा चांगली आहे," ओरेस्ते कसाबसा म्हणाला, आणि खोलीत हशा उसळला.

"म्हंजे वरच्यांनीच सोताचं ऑलिव्ह खाली ढकललं!" कुणीतरी ओरडलं. खालच्या पेठेच्या बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या.

फादरनी हात वर केला. "सेत्तिमियो आपल्या जागेवर राहील. तुम्ही चौघं त्याच्या पातळीला या. कसं यायचं ते तुमचं तुम्ही बघा. यंदा संत सरळ पाहिजेत."

"सरळ?" असुन्ताचं हसू मावळलं. "मग आमच्या पेठेला काय?"

"तुम्हाला धुकं आहे ना," वरच्या पेठेचा कुणीतरी म्हणाला.

दुपारी मागच्या बोळात खोकल्याचा आवाज आला. ओरेस्ते काखेत सणाचे बूट आणि हातात कागदात गुंडाळलेलं सॉसेज घेऊन उभा होता.

"टाच आता बरी आहे," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "पट्टी जरा पातळ कर." मग आवाज उतरवून, "काय रे, त्या तिघांच्या बुटांतही...?"

"कुठल्या तिघांच्या?" सेत्तिमियो म्हणाला.

ओरेस्ते बूट आणि सॉसेज तिथंच ठेवून निघून गेला. तो वळणाआड होतोय न होतोय तोच बोळाच्या दुसऱ्या टोकाला आणखी कुणीतरी खोकलं.

"आता दुकान लावून बसू नगंस," आतनं दोमितिल्ला ओरडली. "सोलायच्या शेंगा तशाच पडल्यात!"

"बूट उंबऱ्यात ठेवून जा," सेत्तिमियोनं बोळाकडं तोंड करून सांगितलं. हात पुसून तो आत गेला, टोपली पुढ्यात ओढली आणि शेंगा सोलायला बसला.