आत्तीचा पाय

आत्ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी राजारामपुरीतल्या माझ्या क्लासमध्ये बारावीच्या मुलांना घसारा शिकवत होतो. यंत्र वापरात असलं की झिजतं, आणि ती झीज आपण लिहिली नाही तरी ती होतच असते... हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा म्हटलंय, की झोपेतही म्हणतो अशी बायकोची तक्रार आहे. फोन तानाजीचा, आत्तीच्या मुलाचा. एरवी तो असा बोलतो की मधे फोन नसता तरी ऐकू यावं. त्या दुपारी मात्र मला परत विचारावं लागलं. "आई गेली, दादा," एवढंच तो म्हणाला. मुलांना सोडून जिना उतरताना माझ्या लक्षात आलं, की मला धक्का बसलेला नाही. गेले काही दिवस आम्ही सगळेच या फोनची वाट बघत होतो, फक्त तसं कुणी बोलत नव्हतं.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. पेठेत चारी बाजूंनी फ्लॅट उठले तरी मधोमध तिचा गोठा तसाच होता, आणि संध्याकाळी त्याच्यापुढे धारोष्ण दूध प्यायला माणसं उभी राहत होती. ती धार काढता काढता सगळ्यांशी बोलायची. कुणी तरणा पोरगा ग्लासाचे फोटो काढत बसला तर, "पावणं, दूध तुमी पिताय की मोबाईलला पाजताय?" मला ती मास्तर म्हणायची, तेही अशा सुरात की ती पदवी आहे की दुखणं हे कळू नये. आमच्या घराण्यानं मला जमीन दिली नाही, पैलवानी दिली नाही, पोटरीवरच्या निळ्या गाठाळ शिरा तेवढ्या दिल्या. त्या आत्तीलाही होत्या. मी फळ्यापुढे उभा, ती गोठ्यात उभी, पण माझ्या शिरा अजून नुसत्याच दिसतात. तिच्या डाव्या घोट्याच्या वर, आतल्या अंगाला, कातडी आधी काळवंडली, मग फुटली, आणि ती जखम पुढं वर्षानुवर्षं भरली नाही. कधी रुपयाएवढी व्हायची, कधी तळहाताएवढी. घरात तिला जखम कुणी म्हणायचंच नाही. 'आत्तीचा पाय' म्हणायचे, जसं काही घरातलं एक वेगळं माणूसच. पाय आज बरा आहे, पाय आज रुसलाय, पायाला आज मलमपट्टी केली.

शिकलेला भाचा म्हणून मी मधे पडलोच. डॉक्टरांनी सांगितलेले घट्ट मोजे मी स्वतः जाऊन आणले आणि पायातलं रक्त वर कसं चढतं यावर तिला छान व्याख्यान दिलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पुढच्या खेपेला बघतो तर त्यातला एक मोजा रेडकाच्या तोंडाला मुसकं म्हणून बांधलेला, चोरून दूध पिऊ नये म्हणून. "लई चांगला हाय रे मास्तर, ताणला तरी फाटत न्हाय," आत्ती म्हणाली. रेडकू माझ्याकडे बघत होतं. क्लासमधली मुलं बघतात तसंच.

तरी अलीकडे पाय खरंच बरा होत आला होता. राजारामपुरीतल्याच एक डॉक्टरीणबाई भेटल्या, मूळच्या मलकापूरच्या, घरी जनावरं असलेल्या. त्यांच्यापुढे आत्तीचं काही चालायचं नाही. त्यांनी पट्टी कशी गुंडाळायची ते सुनेला, सारिकाला, शिकवलं, आणि दुपारी पाय उशीवर घेऊन पडायला लावलं. जखमेच्या कडेनं कोवळी गुलाबी कातडी धरायला लागली होती. नेमकी तेव्हाच चंद्रीला दगडी झाली.

चंद्री म्हणजे आत्तीची लाडकी म्हैस. दगडीत कास सुजून दगडासारखी होते, दुधात गाठी येतात. ढोरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, कासेचा सुजलेला सड परत परत पिळून मोकळा करायला सांगितलं. ते दूध आत्तीनं कुणाच्या तोंडाला लागू दिलं नाही, त्यात ती कडक होती. पण चंद्री तिच्याशिवाय दुसऱ्या हाताला पान्हा सोडायची नाही. तानाजीनं कासेला हात घातला की लाथ. त्यामुळे उशी राहिली घरात आणि आत्ती दिवसभर गोठ्यात, चंद्रीच्या पायाशी उकिडवी. थोड्याच दिवसांत गुलाबी कड गेली. पायाला एक गोडसर, उग्र वास यायला लागला, शेणाचा नाही, औषधाचा नाही. गोठ्यात माश्या नेहमीच्याच, पण त्या आता म्हशींना सोडून हिच्या पट्टीवर बसायच्या. एकदा चंद्रीनं मान वळवून त्या पायाचा वास घेतला, कान मागं पाडले आणि जागेवरच सरकली. आत्ती हसली. मीही हसलो, पण गोठ्यातून लवकर बाहेर पडलो.

मग ताप आणि हुडहुडी. डॉक्टरीणबाईंनी जखमेतला पू काढून तपासणीला पाठवला. उत्तर लवकर येईना. प्रयोगशाळेला जंतू ओळखीचा वाटेना, म्हणून तो पुढे आणखी कुठं तपासायला गेला. शेवटी नाव आलं. मला ते आजही धड उच्चारता येत नाही. बाईंनी ते दोनदा वाचलं, आणि आत्तीला घरातल्या दुखण्याऐवजी गोठ्यातलं दुखणं विचारायला लागल्या. कुणाची कास सुजलीय का? धार काढल्यावर पट्टीला हात लागतो का?

"हात कशाला लागतोय," आत्ती ठसक्यात म्हणाली, "मी दुधानंच धुतो की."

आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखी ती स्वतःबद्दल 'धुतो, करतो' असंच बोलायची. आणि मग तिनं आम्हा कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट अगदी अभिमानानं सांगितली. धार काढताना पहिल्या दोन-चार चिळकांड्या भांड्यात घ्यायच्या नाहीत, भुईला सोडायच्या, हा तिच्या सासूपासूनचा नेम. तर चंद्रीचा तो सुजलेला सड पिळताना भुईच्या वाटणीतलं थोडं ती पट्टी सोडून पायावर घ्यायची. कोमट असतं, ठणका थांबतो. "भुईनं कधी तक्रार केली न्हाय. मग पायानं का करावी?"

बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आत्ती, भुईला जखम नसते."

सडाच्या तोंडाशी जे काही साचलेलं असतं ते पहिल्या चिळकांड्यांत येतं, म्हणूनच त्या टाकायच्या, असं त्यांनी समजावलं. हा जंतू जनावरांतलाच. माणसाला सहसा काही करत नाही. पण वर्षानुवर्षं उघडी राहिलेली जखम म्हणजे त्याला आयतं दार. नक्की तिथूनच आला असं शपथेवर सांगता येणार नाही, पण तो आता रक्ताकडे निघालाय, उद्या नाही, आज दवाखान्यात राहायचं, शिरेतून औषध घ्यायचं. बाहेर येऊन मला एकट्याला म्हणाल्या, औषध मधे तुटलं तर पाय वाचवायचा प्रश्न उरणार नाही, माणूस वाचवायचा उरेल.

आत्ती राहिली. कुरकुरत, पण राहिली. ताप उतरला, दोन घास खाल्ले, शेजारच्या खाटेवरच्या मुरगूडच्या बाईला तिच्या म्हशीची निगा कशी चुकतेय हेही सांगून झालं. मला वाटलं, निभावलं. पण तिकडे चंद्री दूध देईना. तानाजीनं प्रयत्न केले, पोटरीवर लाथ खाल्ली. सारिका बसली, तिला जवळ येऊ दिलं नाही. रेडकू लावलं तर त्यालाही ढुशी. कास परत तटतटली. हे आत्तीला सांगायचं नाही असं ठरलं होतं. पण तिनं तानाजीचं लंगडणं बघितलं आणि सगळं ओळखलं.

संध्याकाळी मी डबा घेऊन गेलो, तर ती खाटेवरून उतरून चप्पल शोधत होती. नर्स, मी, मुरगूडची बाई, सगळ्यांनी अडवलं. मी तर हात जोडले. ती रागावली नाही, हेच वाईट होतं. अगदी मऊ आवाजात म्हणाली, "ते मुकं जनावर हाय रे. जातो, धार काढतो, येतो. सुई तोवर वाट बघंल की."

आणि रिक्षात बसून ती गेली. धार काढली. चंद्रीनं बादली भरून दिली म्हणे, आणि आत्ती तिच्या पाठीला डोकं टेकून तिथंच बसून राहिली. मग हुडहुडी भरली. त्या रात्री ती परत आलीच नाही. सकाळी आणली तेव्हा मला मास्तर म्हणाली नाही, माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारली. जंतू हृदयाच्या झडपेवर बसला, असं नंतर कळलं. पुढचे दिवस लिहीत नाही. तेव्हा घरात पायाबद्दल कुणी बोलायचं नाही. दुखण्याला आता पायाची गरजच उरली नव्हती.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी तिकडे गेलो. गोठ्यापुढे माणसं ग्लास घेऊन उभी होती, पण कुणी बोलत नव्हतं. मी आत डोकावलो आणि दारातच थबकलो. आत्ती पाठमोरी बसली होती. तिची नेहमीची हिरवी साडी, तोच डोक्यावरून पदर, बादलीत धार वाजत होती... मग पदराखाली मिशा दिसल्या. तानाजी. दवाखान्यानं आत्तीचे कपडे पिशवीत बांधून दिले होते, उकळत्या पाण्यातून काढा म्हणून सांगितलं होतं. त्यानं ती साडी तशीच अंगाला गुंडाळली आणि चंद्रीजवळ बसला. तिनं वास घेतला आणि पान्हा सोडला.

इतकं सोपं होतं. त्या संध्याकाळी दवाखान्यात आम्ही एवढे जण हात जोडून उभे होतो, आणि घरी खुंटीला तिची एक साडी लोंबत होती.

मी जवळ जाऊन हळूच विचारलं, साडी धुतलीस का? त्यानं मान हलवली. नाही, वास जाईल. मी म्हटलं, अरे पण न धुताही एक दिवस जाईलच की. माझ्या आवाजासरशी चंद्रीनं चटकन मान वळवली. तानाजीनं ओठांवर बोट ठेवलं, पदर आणखी पुढे ओढला आणि कासेला हात घातला.