तीन म्हटलं की दाबा

जळगावच्या दुकानात मी डेस्कटॉप घ्यायला गेलो होतो. मागचं मॉडेल घ्यावं की यंदाचं, हे ठरत नव्हतं. शेजारी दोंडाईच्याच्या एक बाई होत्या. त्यांचं लग्नाचे बॅनर छापायचं दुकान होतं. विक्रेता आकडे सांगू लागला तसा त्यांनी पर्समधून पेनड्राइव्ह काढला.

"आकडे राहू द्या. माझी सगळ्यात जड फाइल दोन्हीवर एकदम उघडू."

फाइल दोन्हीकडे टाकून झाल्यावर मागच्या मॉडेलचा माउस त्यांनी माझ्या हाती दिला आणि नव्याचा स्वतः धरला. "भाऊ, तीन म्हटलं की दाबा."

गिऱ्हाइकं भोवती जमली. बाईंनी तीन म्हटलं, आम्ही दोघांनी दाबलं. माझ्याकडे नुसतं चक्र फिरत होतं, तोवर त्यांच्या पडद्यावर नवरानवरी झळकलेही. त्यांनी टाळीच वाजवली. "घरी हे उघडेपर्यंत माझी भाजी चिरून होते."

मग मीही नवंच घेतो म्हणालो.

"तुमचं काम काय?"

"शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप करतो."

"मग मागलंच घ्या. तुमना कामले ते भरपूर शे."

विक्रेत्याचा चेहरा पडला. मी मागलंच घेतलं.

घरी पहिली प्रश्नपत्रिका उघडली, तर बोट उचलण्याआधी ती पडद्यावर हजर होती. हे त्यांना कळवावं असं फार वाटलं, पण नाव विचारायचंच राहून गेलं होतं.