पदरावर रोज उमलणारी फुलं

ती दुपार अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. वडगावातल्या त्या विणकराच्या घरी सगळे माग थांबलेले होते. आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरसमोर कोणी बसलेलं नव्हतं, पडदा काळा होता. तरी कॉम्प्युटरच्या आतला पंखा मंद घुमत होता आणि त्या घुमण्यातच कुठेतरी एक साडी पुरी होत चालली होती.

मी तेव्हा बेळगावातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. त्या घरात दोघे भाऊ. थोरला यंत्रमाग सांभाळायचा, धाकटा कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइन काढायचा. एके सकाळी धाकटा स्कूटर घेऊन बाहेर पडला, तो परतलाच नाही. फोन बंद. बायकोने बेपत्ता असल्याची तक्रार दिली. काही दिवसांनी स्कूटर सापडली ती खानापुरात, मलप्रभेच्या काठी. आम्ही नदीत खालपर्यंत शोध घेतला. हाती काही लागलं नाही.

मग ठाण्यात एक निनावी फोन आला. माग विकायचे की नाही यावरून आदल्या दिवशी भावाभावांत जुंपली होती, थोरल्याला विचारा, एवढंच सांगून माणसाने फोन ठेवला.

थोरल्याला चौकशीला बोलावलं. माझा अनुभव असा, की खोटं सांगणारा सहसा आपल्या डोळ्यांत बघून बोलतो. हा खाली फरशीकडे बघत होता. तसंच बघत म्हणाला, "मीच मारलं त्याला, साहेब."

जबाब लिहिणाऱ्या हवालदाराचं पेन थांबलं. जबाब कन्नडमध्ये घ्यायचा होता. तो माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "'होडेदे' लिहू, का 'कोंदे'?"

मराठीत मारलं म्हणजे दोन्ही. कन्नडमध्ये हात उचलणं वेगळं आणि जीव घेणं वेगळं. मी थोरल्याला विचारलं, कसं मारलं? त्याने स्वतःचा तळवा स्वतःच्या गालावर ठेवला.

"असं. घरच्या सगळ्यांदेखत. एवढा मोठा झालेला भाऊ, आणि मी हात उचलला."

मला ते खरं वाटलं. पण वाटण्यावर तपास मिटत नाही. तो रोज ठाण्यात यायचा, बाकावर बसायचा, संध्याकाळी घरी जायचा. गल्लीत लोकांनी त्याच्याशी बोलणं सोडलं होतं.

अशात धाकट्याची बायको आली. बाकावरच्या थोरल्या दिराकडे, अण्णांकडे, न बघता आत आली आणि म्हणाली, "साहेब, हसू नका. पदरावर फुलं वाढायला लागल्यात."

मला काही कळेना. तिने सावकाश सांगितलं. थोरल्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तिच्या शालूचं डिझाइन धाकटा काढत होता, पदर अर्धाच झाला होता. कॉम्प्युटर कधी बंद करू नको असं तो नेहमी सांगायचा, म्हणून तिने तो चालूच ठेवला होता. ती नवऱ्याच्या डिझाइनमध्ये रंग भरायची, त्यामुळे तिला एकेक पाकळी ओळखीची. सहज फाइल उघडावी, तर काल नव्हतं ते फूल आज दिसायचं. शेजारणी आत्म्याचं बोलू लागल्या होत्या. सासूने कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं होतं.

सायबर विभागातल्या एका महिला अधिकाऱ्याला घेऊन मी त्या घरी गेलो. तिने थोडा वेळ तपासलं आणि समजावून सांगितलं. प्रोग्रॅम इथल्याच कॉम्प्युटरवर चालत होता, त्याचा परवानाही याच यंत्रापुरता होता. पण त्याची खिडकी नेटवरून दुसऱ्या कुठल्या तरी कॉम्प्युटरवर उघडलेली होती. तिकडे बोट हलायचं, फूल इथं उमटायचं. इथल्या पडद्यावर काहीच दिसत नसे. बाहेरगावाहून काम करता यावं म्हणून धाकट्यानेच कधीतरी ही सोय केली असावी.

पासवर्ड चोरून कोणी दुसराही शिरू शकतो, असं ती म्हणाली. मी म्हटलं, चोर डिझाइन उचलून नेईल, पुरं कशाला करील? कनेक्शन कुठून येतंय हे कंपनीकडून कळायला पत्रव्यवहार लागणार होता, वेळ जाणार होता.

तेव्हा दारात उभी असलेली धाकट्याची बायको म्हणाली, "मी त्यातच लिवलं तर त्यास्नी दिसंल न्हवं?"

ती बसली. पदराच्या रिकाम्या कडेला एकेक चौकोन रंगवत तिने अक्षरं काढली. 'अण्णांना ठाण्यात बसवलंय. या.' मग फाइल साठवून ती उठली.

आम्ही थांबलो. तिने चहा केला. अंगणात वाळत घातलेल्या रंगीत सुतावर ऊन सरकत होतं. कॉम्प्युटरचा पंखा पुन्हा घुमू लागला. थोड्या थोड्या वेळाने ती फाइल नव्याने उघडून बघायची. अक्षरं तशीच होती. मग एकदा उघडली, तर 'या' तेवढा उरला होता. त्यानंतर तोही नव्हता. कडेचा लाल रंग होता तसा भरून ठेवलेला. उत्तर काही नव्हतं. बाईने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "हाईत. त्यास्नी डिझाइनमधी डाग चालत न्हाय."

बाई आमच्याबरोबरच ठाण्यात आली. संध्याकाळी धाकटा ठाण्याच्या पायऱ्या चढला. दाढी वाढलेली, खांद्याला लॅपटॉपची पिशवी. खानापुरात स्कूटर बंद पडली, ती तिथेच टाकून बसने तो कणकुंबीला एका मित्राकडे गेला होता. मित्राला सुट्टीवर आलोय म्हणाला होता. आम्ही त्याला मलप्रभेच्या पाण्यात खाली खाली शोधत होतो, आणि तो तिच्या उगमाजवळच्या टेकाडावर, जिथे मित्राच्या फोनला रेंज मिळेल तिथे बसून, फुलं काढत होता.

घरी का कळवलं नाही, असं मी जरा कडक आवाजातच विचारलं.

"तोंड कसं दावू कळंना, साहेब. पण पोरीला शब्द दिलता."

थोरला बाकावरून उठला. मला वाटलं, आता दोघे रडतील किंवा भांडतील. त्याने धाकट्याच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्याला लावली.

"जेवलास का रं?" एवढंच त्याने विचारलं.

धाकट्याने नाही म्हणून मान हलवली. हवालदाराने दोघांच्या सह्या घेतल्या, मी स्टेशन डायरीत नोंद केली, आणि ती तिघं चालत घरी गेली.

बेपत्ता माणसाच्या तपासात आम्ही भांडण कोणाशी, पैसा कुठे, वैरी कोण, हेच आधी विचारायचो. ते विचारावंच लागतं. पण माणूस घर सोडतो तेव्हा तो सगळाच्या सगळा निघून जात नाही, हे मला त्या घरात कळलं. पुढे निवृत्त होईपर्यंत अशा प्रत्येक घरी गेलो, की जबाब संपल्यावर एक प्रश्न मी कागदावर न घेता विचारायचो: त्यांच्या हातचं अर्धं राहिलेलं काम कोणतं?