एकशे बारा विभाग आणि एक मामा

चेन्नईत आमच्या मंडळाची वेबसाइट निघाली तेव्हा तिच्यात विभाग एकशे बारा होते आणि लेख अकरा. ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यांत नोकरीला आलेल्या पुण्या-नाशिककडच्या लोकांचं हे मंडळ, वय वर्षं दोन. मी कॉम्प्युटरवाली, म्हणून वेबसाइट माझ्या गळ्यात पडली. आधी लेख जमवू, मग विभाग पाडू, असं मी सुचवून पाहिलं. सचिवांनी हात वर करून मला थांबवलं आणि तीन रविवार, कांदेपोह्यांसकट, नुसते विभाग पाडण्यात गेले. प्रत्येकाला स्वतःचा एक हवा होता. 'गडकिल्ले', 'दुर्ग' आणि 'दुर्गभ्रमण' असे तीन वेगळे विभाग झाले, कारण ते सुचवणारे तिघेजण एकमेकांशी बोलत नव्हते.

लेख लिहायला मात्र कोणालाच सवड नव्हती. लिहीत होते फक्त मामा; मंडळात सगळेच त्यांना मामा म्हणत. मामा मैलापूरचे, तंजावरी मराठी घरातले, जॉर्ज टाउनच्या एका पेढीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं घराणं काही शतकांपूर्वी इकडे आलं, आमचं मंडळ परवा-परवा. आणि खरं मराठी कोण हे आम्ही ठरवत होतो. मामा फुलस्केप कागदावर शाईने लिहून आणत आणि मी ते टाइप करत असे. लग्नं, श्राद्धं, उडदाच्या पिठाचं डांगर, पेढीतल्या गमती, काहीही. मधेमधे तमिळ शब्द येत आणि क्रियापदं आमच्या पणज्याच्या वेळची.

"हे मराठी आहे की काय आहे?" सचिव म्हणाले. "असू दे. 'इतर'मध्ये टाका."

मी टाकले. चांगली हसत टाकले, आणि हे आज सांगताना मला लाज वाटते.

वेबसाइटवर कोणताही विभाग उघडला की बाजूला 'संबंधित विभाग' अशी यादी येई. ती सरसकट सगळ्या विभागांची असे. 'वधूवर' उघडलं की शेजारी 'श्रद्धांजली'. एका सदस्यांची मुलगी लग्नाची होती, त्यांनी बैठकीत आवाज चढवला. ज्याचा ज्याच्याशी संबंध नाही ते शेजारी दिसता कामा नये, असा ठराव झाला. मग मी चाळणी लावली. नियम साधा होता: दोन विभागांत निदान एक लेख सामाईक असेल तरच ते एकमेकांच्या शेजारी दिसतील. एका दुपारीत ती लांबलचक यादी पाच-सात नावांवर आली. तिन्ही किल्ले पडले. सचिवांनी 'काय सुटसुटीत झालंय!' म्हणून माझं कौतुक केलं.

गुरुवारी भर उन्हात मामा दारात उभे. हातात छत्री, शर्ट घामाने भिजलेला.

"ब्राउझिंग सेंटरांतून आलों. मी कोठें गेलों ग?"

मी वेबसाइट उघडून पाहिली. 'इतर' वरच्या मेनूत कधी नव्हताच, बाजूच्या यादीतूनच तिथे जाता येत असे. मामांचे सगळे लेख एकट्या 'इतर'मध्ये होते, दुसऱ्या कुठल्याच विभागाशी सामाईक काही नाही, म्हणून माझ्या चाळणीने 'इतर' गाळून टाकला होता. आणि त्याबरोबर मामा.

मी हे समजावलं. ते पाणी प्यायले आणि मग त्यांनी खरं कारण सांगितलं. त्यांची मुलगी पुण्याच्या घरात दिली होती. सासरी तिला लाडाने 'आमची मद्रासी सून' म्हणत, आणि तो लाड तिला बोचत असे. तिने सासऱ्यांना सांगितलं होतं, आमच्या घरची भाषा मराठी आहे, माझे वडील मराठीत लिहितात, वेबसाइटवर बघा. येत्या रविवारी सगळे मिळून बघणार होते.

"व्याही वरच्या मेनूंतला 'मराठी' विभाग दाबतील," मामा म्हणाले. "मी आलों पाहिजे. नाही आलों तर पोर खोटी पडेल, सरिया, खरें ना?"

मला माझाच संताप आला. तिथेच त्यांच्यासमोर बसून मी त्यांचे अडतीसच्या अडतीस लेख उघडले. प्रत्येकावर 'मराठी'ची खूण केली, मग लग्नाच्या लेखावर 'लग्नविधी', डांगरावर 'पाककृती'. शेवटी सगळ्यांवरची 'इतर'ची खूण काढून टाकली. कोणाला विचारलं नाही.

शनिवारच्या बैठकीत सचिव लाल झाले होते. "कुठेही क्लिक करा, हेच गृहस्थ! 'मराठी'त हे, 'पाककृती'त हे, 'लग्नविधी'तही हेच!"

"नियम मंडळाचाच आहे, साहेब," मी म्हटलं. "लेख असेल तोच दिसतो. तुम्हीही लिहा, दिसाल."

"आजच्या आज काढा ते."

"मग चाळणीही काढते. 'श्रद्धांजली' पुन्हा वधूवरांशेजारी येईल."

"नको, नको!" लग्नाच्या मुलीचे वडील जवळजवळ उठून उभे राहिले. त्यानंतर चर्चा हळदीकुंकवाच्या हॉलकडे वळली. मी पोह्यांची बशी पुढे ओढली.

सोमवारी सकाळी मामांचा फोन आला.

"व्याह्यांनी दाबलं. मी आलों."

"मग? वाचलं त्यांनी?"

"आमा, वाचलं. डांगराचं दोनदां. त्यांच्या आईही तसंच करीत म्हणे. मग विचारलें, चेन्नईंत एवढे मराठी लोक, आणि लिहिणारे तुम्ही एकटेच कसे? बाकीचे कोठें आहेत?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलें, असतील 'इतर'मध्यें."