डॉरीनला उन्हाळा मिळाला

अमेरिकेत, मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात, लोखंडाच्या खाणींच्या मुलखात, डॉरीन स्कुबिक शाळेची बस चालवायची. डिझेल गोठेल अशी थंडी पडली तरी तिची पिवळी बस वळणावर हजर. पोरांवर दरारा असा की ती नुसती खाकरली तरी मागच्या बाकावरची मारामारी मिटायची. नवरा स्टॅन खाणीतून निवृत्त झालेला. कंबर कामातून गेली होती, जीभ मात्र शाबूत होती.

जूनमध्ये शाळा सुटली की डॉरीनचा पगार थांबायचा. खाण बंद पडली की खाणवाल्यांना बेकारी विम्याचा भत्ता मिळायचा, हिवाळ्यात काम थांबलं की रस्ते बांधणाऱ्यांनाही मिळायचा. शाळेच्या बसवाल्यांना आणि स्वयंपाकिणींना मात्र नाही. शाळा उघडली की काम परत मिळणारच आहे, मग तुम्ही बेकार कसले, असा नियम होता. जणू पोटालाही उन्हाळ्याची सुट्टी असते! मग डॉरीन दर उन्हाळ्यात अर्नी लाह्तीच्या तळ्याकाठच्या रिसॉर्टवर केबिनी झाडायला जायची. अर्नी तिचा शाळासोबती. तिच्या जिवावर गणितात पास झालेला, पण मजुरी ठरवताना ती ओळख त्याच्या लक्षात राहत नसे.

एका हिवाळ्यात बातमी आली की हा नियम बदलायचं घाटतंय. स्वयंपाकिणी आणि बसवाले मिळून राजधानीला, सेंट पॉलला निघाले. बस अर्थातच डॉरीनने चालवली. तिथे आमदारांपुढे बोलायची पाळी आली तेव्हा लिहून आणलेलं सगळं ती विसरली.

"साहेब," ती म्हणाली, "तुमची पोरं मी वर्षभर सुखरूप घरी पोचवते. उन्हाळ्यात माझं घर तेवढं चालू राहू दे."

एवढं बोलून ती खाली बसली. मागच्या रांगेत स्वयंपाकिणींनी टाळ्या वाजवल्या आणि शिपायाची बोलणी खाल्ली.

वसंतात नियम बदलला. खर्च वाढणार म्हणून शाळा मंडळ थोडं कुरकुरलं, पण गावात आनंद झाला. डॉरीनच तेवढी अर्ज करायला कचरत होती.

"लोक म्हणतील, फुकटचं खाते."

"खाण बंद होती तेव्हा मी भत्ता घेतला, तेव्हा नाही म्हणालीस," स्टॅन म्हणाला. "उलट अक्रोड आणून पोटिकाचा गोड पाव भाजलास. दोन तुकडे जास्तच खाल्लेस."

"एकच!"

"बरं, एक. फोन लाव आता."

तिने फोन लावला. भत्ता सुरू झाला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच जूनच्या सकाळी ती ओसरीवर पाय पसरून कॉफी प्यायली. ते सुख आठवडाभरही टिकलं नाही, तोच अर्नी दारात उभा.

"काय गं, राणीसाहेब! माझ्या केबिनी कोण झाडणार?"

"दुसरी बघ कुणीतरी."

"मी नियम वाचलेत. काम मिळत असताना नाही म्हटलंस तर भत्ता बंद. मी तुला काम देतोय. मजुरी नेहमीचीच. आता बोल."

डॉरीनचा चेहराच पडला. अर्नी गेल्यावर स्टॅन म्हणाला, "गप्प राहा, कोण सांगायला जातंय." पण लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती. तिने विम्याच्या ऑफिसला फोन करून जसं घडलं तसं सांगितलं. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "तुमचं नेहमीचं काम कोणतं? पगार किती? आणि हे गृहस्थ किती देतात?"

डॉरीनने सांगितलं. बाईंनी आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला.

"ताई, एवढ्यात तर माझी मुलगीही गवत कापत नाही. काम तुमच्या कसबाला आणि पगाराला साजेसं हवं. हे नाकारलंत तरी भत्ता जाणार नाही. कळवलंत ते मात्र छान केलंत."

डॉरीन तडक रिसॉर्टवर गेली. भांडणाची सगळी तयारी करूनच गेली होती. पण अर्नी चादरींच्या ढिगाऱ्यात बसला होता, एका हातात उशी, दुसऱ्या हातात तिचा अभ्रा, आणि दोघांची गाठ काही पडत नव्हती. तिला हसू फुटलं.

"हसू नकोस. मेलोय मी," तो म्हणाला.

"मरशील कशाला? नीट मजुरी दे, कॉलेजच्या मुली धावत येतील." मग तिची नजर धक्क्याकडे गेली. पाहुण्यांना फिरवायची सपाट बोट तिथे ताडपत्रीखाली पडून होती. "ती का बांधून ठेवलीस?"

"चालवायला माणूस कुठंय?"

"मी चालवते. परवाना काढते. पण बसच्या दराने."

अर्नीला ठसका लागला. "बसच्या? डॉरीन, अगं, आपण एका वर्गात होतो!"

"म्हणून तर हिशोब तुला समजेल अशी आशा आहे."

त्याने बराच वेळ डोकं खाजवलं, आकाशाकडे पाहिलं, आणि हात पुढे केला.

परवान्याची परीक्षा डॉरीन एका दमात पास झाली. शनिवार-रविवार ती बोट चालवायची. जी कमाई व्हायची ती दर आठवड्याला ऑफिसला सांगायची. तेवढा भत्ता कमी यायचा आणि त्याची तिला खंत नव्हती. केबिनींना वाढीव मजुरीवर दोन मुली मिळाल्या. बोटीच्या तिकिटांतून तो खर्च भरून निघाला, तेव्हा ही सगळी कल्पना आपलीच होती असं अर्नी गावभर सांगू लागला.

जुलैत स्टॅन बोटीवर आला. कंबरेला उशी लावून पुढे बसला आणि शिकागोच्या पाहुण्यांना सांगू लागला, की समोरच्या बेटावर एक हरीण राहतं आणि त्याला खाणीची पेन्शन मिळते.

"हे काय सांगतोयस त्यांना?" डॉरीनने सुकाणूवरून विचारलं.

"अगं, विचारतायत तर सांगतोय!"

तेवढ्यात एका बाईने, ते हरीण बघायला मिळेल का, असं खरंच विचारलं. डॉरीनने तोंडावरची रेषही हलू न देता बोट बेटाकडे वळवली.