खळ्यावरचं बेंझीन

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला पहिला माणूस मी, आणि बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षी बेंझीनच्या साध्या कड्यात अडकलो. सहा कोपऱ्यांचं कडं. एका कोपऱ्यावर क्लोरीन, दुसऱ्या कोपऱ्यावर क्लोरीन, तर कोपरे मोजून नाव काय द्यायचं? चाचणीत मी लिहिलं, एक-पाच डायक्लोरोबेंझीन. सरांनी पाचावर लाल रेघ मारून तीन केलं. असं दर वेळी व्हायचं. वार्षिक तोंडी परीक्षेत हेच झालं असतं, तर नापास होऊन उंद्रीकडच्या आमच्या गावी कायमचं परतावं लागलं असतं.

सुट्टीत घरी ज्वारीची मळणी चालली होती. बैल खळ्यामधल्या खांबाभोवती, मेढीभोवती फिरत होते. मी खळ्याच्या कडेला सहा धोंडे गोल मांडले, त्यातल्या दोन धोंड्यांवर एकेक ढेकूळ ठेवलं आणि मोजू लागलो.

"काय करून राह्यला बे?" वडील म्हणाले. ते सहीच्या जागी अंगठा लावत.

मी सांगितलं. एका ढेकळापासून मोजत दुसऱ्यावर जायचं, तो पाचवा धोंडा येतो.

"मंग इकून काऊन नाई जात? इकडून तिसराच धोंडा हाये ना!"

मी थबकलो. लहानपणापासून बैलांमागं एकाच अंगानं फिरलो होतो. कड्याचे आकडेही तसेच मोजत होतो. उलटं जाता येतं हे डोक्यातच आलं नव्हतं.

"बाबा, बैल उलटे नाई फिरत."

"बैल नाई फिरत, माणूस त फिरते! जवळची वाट सोडून पाच धोंडे हिंडाले तुले कोनं सांगतलं?"

आई सूप बाजूला ठेवून हसत सुटली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी फळ्यावर कडं काढलं, ब्रोमो आणि नायट्रो. जिभेवर 'पाच' आलंच होतं. धोंडे आठवले. मनातल्या मनात उलटा फिरलो आणि म्हणालो, "वन-ब्रोमो-थ्री-नायट्रोबेंझीन."

"पाच का नाही?"

"जवळची वाट तीनची आहे, सर."

"वा! हे कुणी शिकवलं?"

"वडिलांनी."

"अच्छा! कोणत्या कॉलेजात असतात?"

"खळ्यावर असतात, सर," मी ताठ मानेनं सांगितलं. सर आधी गोंधळले, मग मनापासून हसले.

निकाल लागल्यावर घरी हे सांगितलं. वडिलांनी मुंडासं सारखं केलं अन् आईला म्हणाले, "आयकलं का वं? आपण पास झालो!"